पाहुणे म्हणे!

मी एक जुना पोहरा आहे. विहिरीतून पाणी काढायचा, तांब्याच्या पत्र्याचा पोहरा. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी पोहरा पाहिलाही नसेल. त्याचा मला राग नाही. नळ सोडला की पाणी येते, मग पोहरा कशाला पाहायचा? पण माझी हकीकत तुम्ही ऐकायलाच हवी. कारण उद्या सुट्टी लागली की तुम्ही आईबाबांबरोबर एखाद्या छोट्याशा बेटावर जाल, आणि मी सांगणार आहे ते तुम्हाला तिथे कुणीही सांगणार नाही. न सांगण्यात बऱ्याच जणांचा फायदा असतो.

आधीच बजावून ठेवतो, मी तापट आहे. तांबे लवकर तापते, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. तेव्हा मधूनच माझा आवाज चढला तर समजून घ्या. तो तुमच्यावर चढलेला नाही. निदान अजून तरी नाही.

माझा जन्म बेटावर झाला नाही. समुद्राच्या पलीकडे एक मोठे गाव आहे. तिथल्या बाजारात एका तांबटाचे अरुंद दुकान होते. समोर भट्टी, मागे पत्र्यांची चळत, आणि दिवसभर ठोक्यांचा असा दणदणाट, की तांबट घरी बायकोशीही ओरडूनच बोलत असे. त्याच्याकडे एक दिवस बेटावरचे एक म्हातारे गृहस्थ आले. विहिरीचे आजोबा म्हणून सगळे त्यांना ओळखत, कारण बेटावरची एकुलती एक विहीर त्यांच्या अंगणाला लागून होती आणि तिची निगा त्यांच्याकडे होती.

"पोहरा हवा," आजोबा म्हणाले, "पण उथळ. पसरट. अगदी हलका."

तांबटाने हातात पत्रा घेऊन वाकवून दाखवला. आजोबांनी मान हलवली. अजून उथळ.

"अहो, ही परात झाली!" तांबट हसून म्हणाला. "हिला दोरी बांधून विहिरीत सोडणार? लोक वेड्यात काढतील."

"लोकांचं मी बघतो. तुम्ही परात करा."

मग आजोबांनी त्याला समजावून सांगितले, आणि तेच मी तुम्हाला सांगतो, कारण माझी सगळी हकीकत त्यावर उभी आहे. लहान बेटाच्या पोटात नदी नसते, झरे नसतात. पाऊस पडतो, वाळूतून खाली झिरपतो, आणि खाली काय असते? समुद्राचे खारे पाणी. खारे पाणी जड, गोडे पाणी हलके. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. दुधावर साय धरते ना, अगदी तसे. आता साय काढताना तुमची आई काय करते? चमचा हलक्या हाताने वरच्यावर फिरवते. खाली बुडवून घुसळत नाही. आमच्या विहिरीतून पाणी काढायचे म्हणजे साय काढायची होती, रोज, आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवून.

म्हणून मी उथळ. माझ्या काठाला कड्या बसवून सगळ्यांना दोऱ्या बांधल्या, म्हणजे मी पाण्यावर ताटासारखा सपाट उतरायचो. मग दोरीला एक नाजूक हिसका द्यायचा, की माझा एक काठ कलायचा आणि पाणी गुपचूप आत यायचे. खालच्या पाण्याला पत्ताही लागायचा नाही. तुम्ही माणसे उथळ हा शब्द शिवीसारखा वापरता. "फार उथळ आहे हो तो," असे नाक मुरडून म्हणता आणि खोल माणसाचे गोडवे गाता. माझ्यापुरता तो शब्द मागे घ्या. उथळ राहायला किती संयम लागतो, हे मला विचारा.

आजोबा मला डोक्यावर उपडा घालून होडीतून घेऊन आले, उन्हापासून बचाव म्हणून. पुढे ते थकले आणि विहिरीचे काम त्यांच्या मुलीकडे आले. ही आत्या. भावाची मुले तिला आत्या म्हणत, म्हणून शेजारची मुले म्हणू लागली, आणि बघता बघता तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसेही तिला आत्याच म्हणू लागली. तिने लग्न केले नव्हते. का केले नाही, हे विचारायची बेटावर कुणाची छाती नव्हती.

आत्याचा हात मात्र कापसाचा. इतक्या हलक्या हाताने तिने मला पाण्यावर ठेवले, की माझ्या बुडाला कधी एक पोचा आला नाही. सकाळी बायका-पुरुष कळशा घेऊन येत. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला होता. माणसे जास्त तर वाटा जास्त, बाळंतीण असेल तर आणखी थोडे. ऊन चढले की आत्या विहिरीवर लाकडी झाकण ओढायची आणि म्हणायची, "निजली." विहीर निजली की कुणी तिला उठवायचे नाही. तिने पुन्हा साय धरायला हवी ना! पाऊस लांबला की वाटे कमी होत. भांडणे? होत तर! "तिच्या कळशीला पोट आहे, माझीला नाही," यावरून दोन जावांची भांडणे मी किती ऐकली! पण आत्याने पाणी घातले की बोलणे संपले. लोक म्हणतात, अमका पाण्यासारखा पैसा उडवतो. आमच्या बेटावर पाणीच पैशासारखे जपत.

या सगळ्या मोजमापातून एकच माणूस सुटलेला होता. पाहुणा. पाहुण्याला पाणी मोजायचे नाही, हा बेटाचा शब्द होता. वर्षातून कधीतरी कुणाचा मेहुणा येई, कुणाचा व्याही येई, दात काढणारा डॉक्टर येई. त्याला पाणी किती लागते हे विचारणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे. घरचे आपल्या वाट्यात भागवत, एक वेळ अंघोळ टाळत, पण पाहुण्यासमोर हात आखडता घेत नसत. आणि पाहुणाही पाहुण्यासारखाच वागे. अर्धा पेला पिऊन "पुरे" म्हणे. एकदा एक नवा जावई आला आणि कळशीवर कळशी ओतून, गाणे म्हणत, साग्रसंगीत अंघोळ करून बसला. त्याला कुणी चकार शब्द बोलले नाही. मात्र त्याची मुले मिशा फुटण्याच्या वयाची झाली तरी बेटावर त्यांची ओळख "त्या अंघोळवाल्याची मुलं" अशीच राहिली.

मग होड्या वाढल्या.

बेटाचा किनारा फार सुंदर आहे. ते माझे कौतुक नाही, तसे आहेच. पहिल्यांदा आले ते थोडेच लोक होते. घराघरात उतरले, जमिनीवर झोपले, विहिरीवर येऊन मला हाताळून पाहिले. एकाने माझा फोटो काढला. दोरीला हिसका कसा द्यायचा हे आत्याने त्यांना शिकवले, आणि एक जण शिकता शिकता स्वतःच विहिरीत पडायच्या बेतात आला. किती हसलो आम्ही! त्या लोकांवर माझा काडीचाही राग नाही. ते आठवले की अजून बरे वाटते.

आत्याचा भाचा, म्हणजे तिच्या भावाचा मुलगा, तोवर मोठा झाला होता. त्याचे लग्न झाले होते. त्याने येणाऱ्यांसाठी अंगणापलीकडे खोल्या बांधल्या. त्यातही वाईट काही नव्हते. पण त्याच सुमारास समुद्रापलीकडून एक साहेब आला. त्याचे खरे नाव कुणाच्या लक्षात राहिले नाही. भेटेल त्याला तो "या, या, बसा!" म्हणायचा. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून घरमालकालाही "या, बसा" म्हणायचा. म्हणून तो याबसा साहेब. त्याने टेकाडापलीकडची जागा घेतली आणि भलेमोठे रिसॉर्ट बांधायला काढले.

मग एका सकाळी तो विहिरीवर आला. कठड्यावर टेकला. माझ्याकडे बघून "वा!" म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"आत्या, मी एक ऐकलंय. ह्या बेटावर पाहुण्याला पाणी मोजत नाहीत म्हणे?"

"नाहीच मोजत," आत्या म्हणाली. तिची मान ताठ झाली. "माझ्या बापानं कधी मोजलं नाही, मीही मोजणार नाही."

"अशी माणसं हल्ली राहिलीत कुठं! मग झालं तर. माझ्याकडे उतरतील तेही पाहुणेच की."

आत्याने हातातली दोरी खाली ठेवली.

मित्रांनो, शब्दात पकडणे म्हणतात ते हे. आठवले तरी माझा तिळपापड होतो. पाहुणे म्हणे! जो पैसे देतो, पावती घेतो, आणि उशी टणक लागली म्हणून तक्रार करतो, तो गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला वाईट काय आहे? दुकानदार त्याला गोड बोलतो, चांगला माल देतो, पण मोजून देतो. याबसा साहेब पाण्याचे गिऱ्हाईक म्हणून आला असता, तर आत्याने त्याच्या घागरी मोजल्या असत्या आणि त्याचे काही चालले नसते. म्हणून त्याने गिऱ्हाइकांना पाहुण्यांचा अंगरखा चढवला. केवढी हुशारी! आणि आमच्या बेटाचे भोळेपण केवढे! भाचा शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "आत्या, नाही म्हणू नकोस गं. बेटानं पाण्याला नाही म्हटलं, असं बोलतील लोक." जमलेल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चोराला त्यांनी हाकलून दिले असते. पण पाहुणा म्हटल्यावर एकाच्याही तोंडून 'नाही' निघेना.

पंप बसवणारा कारागीर आला. त्याने विहिरीत वाकून पाहिले आणि पाईप सोडायला घेतला.

"वरच्या वर ठेव हं," आत्या म्हणाली.

"वरच्या वर ठेवला तर पंप हवा ओढेल, बाई. पाईप खोलच पाहिजे."

"खाली खारं आहे."

"मला बसवायला सांगितलंय, मी बसवतो. खाली काय आहे ते तुम्ही साहेबांना सांगा."

साहेबांना सांगितले. साहेब खो खो हसले. "आत्या, चारी बाजूंनी एवढं पाणी, आणि तुम्ही पाण्याची काळजी करता?"

हे वाक्य त्याने खरोखर उच्चारले. मी स्वतः ऐकले आहे.

पंप सुरू झाला, तेव्हा साहेबाने उपकार म्हणून बेटावरच्या घरांनाही नळ दिले. खोटे कशाला बोलू, लोक आनंदले. आत्याचा खांदा बरीच वर्षे दुखत होता, त्याला आराम पडला. पोरे नळाखाली हात धरून नुसती खिदळत उभी राहायची. पाण्याचे वाटे बंद झाले. "निजली" म्हणायची वेळच उरली नाही, कारण पंप झोपतच नव्हता. मी खुंटीवर गेलो. काही दिवस भिंतीला टेकून पंपाची घरघर ऐकली. मग एकदा याबसा साहेब पुन्हा आला.

"हा पोहरा द्या की आत्या. आमच्या हॉलमध्ये ठेवतो. पाहुण्यांना जुन्या वस्तू फार आवडतात."

आत्याने दिला. नाही म्हणायची सवयच नव्हती ना!

माझी रवानगी रिसॉर्टच्या हॉलमध्ये झाली. तिथे गार हवा, चकचकीत फरशी, काचेच्या टेबलावर मी, आणि माझ्या पोटात प्लॅस्टिकची फुले. माझ्या डोक्यावर सोनेरी अक्षरांची पाटी लावली: 'पाहुण्याला पाणी मोजायचे नाही. आमच्या बेटाची परंपरा.' आमच्या म्हणे! त्या पाटीखाली बसून मी जे पाहिले, ते सांगताना आजही माझा पत्रा थरथरतो. भर उन्हात हिरवळीवर फवारे. कसली हिरवळ? त्या वाळूत न जगणारी, पलीकडून गुंडाळून आणलेली. दारात पायांची वाळू धुवायला धो धो नळ, आणि वाळू झटकली तरी पडते हो! सगळ्यात कहर म्हणजे पोहण्याचा तलाव. चहूकडे समुद्र, मधे बेट, आणि बेटाच्या मधे गोड्या पाण्याचा तलाव! का, तर समुद्राच्या पाण्याने केस चिकट होतात. आणि खोल्याखोल्यांतून हिरव्या पानाचे चित्र काढलेले कागद चिकटवले होते: 'टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा.' तो कागद चिकटवून निसर्ग वाचवून झाला होता.

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे सांगेन. उतरणाऱ्यांपैकी सगळे उडाणटप्पू नव्हते. एकदा एक चष्मेवाल्या बाई काउंटरवर येऊन विचारू लागल्या, "इथं पाण्याची टंचाई वगैरे नाही ना? बेट लहान दिसतंय, म्हणून विचारलं."

"छे, छे!" याबसा साहेब म्हणाला. "बिनधास्त वापरा. इथली परंपराच आहे, वर वाचा ना."

बाईंनी वर वाचले. पाटीचा फोटोही काढला. आता सांगा, चूक कुणाची धरायची?

बेटावरची बरीच माणसे आता तिथेच कामाला होती. फरशी पुसणारी, चादरी बदलणारी, सामान वाहणारी. त्यांच्या कुजबुजण्यातून मला घरचे कळत असे. आधी चहाची चव गेली. आत्या म्हणाली, वय झाले, जीभ गेली. मग धान्य शिजायला वेळ लागू लागला. साबणाला फेस येईना. अंगणातल्या झाडांची पाने कडेने करपली. तरी कुणी ते शब्द उच्चारेना. शेवटी एक दिवस एका पोराने नळाचे पाणी पिऊन तोंड वेडेवाकडे केले आणि म्हटले, "ह्यात मीठ कुणी टाकलं?" तेव्हा सगळ्या बेटाच्या तोंडचे पाणी पळाले.

पंपाने साय कधीच ओरपली होती. आता तो खालचे खारे वर ओढत होता.

रिसॉर्टवर काय झाले? काही नाही! पलीकडून बाटल्या येऊ लागल्या. उतरणाऱ्यांनी बाटल्या प्यायल्या, रिकाम्या बाटल्या टेकाडामागे ढिगाने पडल्या. अंघोळीला आणि हिरवळीला खारट पाणी चालते का? हिरवळीला चालत नाही. ती मेली. मग दुसरी आणली. आणि बेटावरच्या घरांना? त्यांनी होडीतून येणाऱ्या कॅनची वाट बघायची. समुद्र खवळला की होडी नाही, होडी नाही की पाणी नाही. दोन घरांना कुलपे लागली. "पोरांच्या शाळेसाठी जातोय," असे सांगून गेली माणसे. शाळेचे तर कुणी नावही काढले नव्हते.

भाच्याला तोवर मुलगा झाला होता. आत्याच्या घरात किती वर्षांनी पाळणा हलला! बाळाला वरचे पाणी सुरू केले आणि त्याचे पोट बिघडले. एकदा झाले, पुन्हा झाले. दवाखान्यातल्या नर्सताईंनी स्पष्ट सांगितले, हे पाणी बाळाला द्यायचे नाही. त्यानंतर वादळी हवेत होडी आली नाही, कॅन संपले, आणि बाळाच्या आईने शेजारून उसने पाणी मागून आणले. ते संपले तेव्हा ती आत्यासमोर येऊन बसली.

"आत्या, मी ह्याला घेऊन माहेरी जाते. पाणी गोड झालं की येईन."

चादरी बदलणारी बाई सांगत होती, की आत्या तडक उठली आणि तांब्या भरून घेतला.

मी तिला हॉलच्या दारात पाहिले तेव्हा चहाची वेळ होती. सोफे भरलेले होते. आत्या अनवाणी, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात घरचे पेले.

"या, या, बसा!" याबसा साहेब पुढे झाला.

"बसायला नाही आले."

तिने पेले भरले आणि समोर बसलेल्यांच्या हातात दिले. "बेटाचं पाणी आहे. घ्या."

टोपीवाल्या एका जाड्या गृहस्थांनी हौसेने मोठा घोट घेतला, आणि तो कुठे थुंकावा हे त्यांना कळेना. शेवटी गिळला बिचाऱ्यांनी. "अहो, हे तर खारट आहे!"

"खारटच आहे. माझ्या भावाच्या नातवाला प्यायला हेच आहे. म्हणून तो उद्या बेट सोडून चाललाय."

"आत्या, आपण आत बसून बोलू या ना," साहेब घाईघाईने म्हणाला. "पाहुण्यांसमोर कशाला?"

"त्यांच्यासमोरच बोलायचंय."

चष्मेवाल्या बाई परत एकदा आलेल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "मी विचारलं होतं ह्यांना. पाणी भरपूर आहे म्हणाले. बिनधास्त वापरा म्हणाले."

सगळ्यांच्या माना साहेबाकडे वळल्या. तेवढ्यात भाचा धावत आला. कुणीतरी त्याला कळवले असणार. "आत्या, घरी चल. अगं, ह्यांच्यावर आपलं पोट आहे."

"आहे ना? मग त्या पोटात पाणी कुठलं घालणार आहेस?"

भाचा दारातच थांबला. याबसा साहेबाने मात्र अजून शस्त्रे टाकली नव्हती. त्याने बोट वर करून पाटी दाखवली. "आत्या, हा तुमचाच शब्द आहे. तुमच्या वडिलांचा. आता फिरवता?"

मित्रांनो, हा वार वर्मी लागला. सबंध आयुष्यात तिने शब्द फिरवला नव्हता, आणि हा तर बापाचा शब्द. मला वाटले, संपले, ही आता मान खाली घालून परत जाणार.

"फिरवते," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला भान नव्हते. "पाहुणा आला की घरातली माणसं वाढतात. तुम्ही आलात आणि माझ्या घरातली कमी झाली. तुम्ही पाहुणे नव्हे. आजपासून पाणी मोजून मिळेल. ज्याला पटेल त्यानं राहावं."

मग ती माझ्यापाशी आली, माझ्या पोटातली फुले तिने टेबलावर ओतली, आणि मला काखेत मारून चालू लागली.

तुम्हाला वाटेल, आता सगळे गोड झाले. नाही झाले. पुढच्या होडीने कितीतरी लोक चिडून निघून गेले. रिसॉर्टमधली कामे सुटली, तेव्हा बेटावरच्याही काही घरांनी आत्याशी बोलणे टाकले. भाच्याची बायको आणि बाळ होडीत बसून निघाले, तेव्हा तो धक्क्यावर होडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. तिथून तो घरी गेला नाही. सरळ विहिरीवर आला, पंप बंद केला आणि पाईप ओढून काढू लागला. पाईप शेवाळाने बुळबुळीत झाला होता, पुन्हा पुन्हा हातातून निसटत होता. आत्याने दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून तो बाहेर काढला.

याबसा साहेब तणतणला. शेवटी आत्याच त्याला म्हणाली, "एवढं मोठं छप्पर आहे तुझं. त्यावर पडणारा पाऊस समुद्रात सोडून देतोस आणि माझ्या विहिरीत नळी घालतोस? लाज वाटते का?" पर्याय नव्हता म्हणून त्याने छपराला पन्हळी लावल्या, जमिनीखाली टाकी बांधली, तलाव बुजवला, खोल्या कमी केल्या. टाकीत असेल तेवढ्यावर जितके भागतील तितकेच लोक आता उतरतात, आणि त्यांना आधीच सांगितले जाते. ते निमूट ऐकतात. पुष्कळदा खुशीने ऐकतात. सांगायचा अवकाश होता! साहेबाने मात्र नवी पाटी लावली आहे: 'निसर्गस्नेही बेट. संकल्पना: मालक.' मी हॉलमध्ये नाही म्हणून बरे, नाहीतर ती पाटी बघून वितळलो असतो.

आणि विहीर? ती अजून खारटच आहे. चमचाभर साय ओरपायला क्षण लागतो, पण धरायला दूध शांत राहावे लागते. किती पावसाळे, ते कुणालाच माहीत नाही. रोज सकाळी आत्या मला पाण्यावर ठेवते, हिसका देते, चूळभर पाणी जिभेवर घेते आणि थुंकते. पलीकडून बाळाच्या आईचा फोन येतो, "पाणी कसं आहे, आत्या?" आत्याला खोटे बोलता येत नाही.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुठेही फिरायला गेलात, की मुक्कामाच्या जागी पहिला प्रश्न हा विचारा: हे पाणी येते कुठून, आणि इथल्या घरांना पुरते का? "बिनधास्त वापरा" असे उत्तर आले, तर बाहेर पडा आणि शेजारच्या घरात जाऊन पुन्हा विचारा. पैसे भरले म्हणून दुसऱ्याच्या घोटावर हक्क पोचत नाही. आपण येऊन गेल्यावर तिथल्या माणसांना तिथेच राहता यायला हवे. यापेक्षा मोठी मागणी माझी नाही, पण ती मी ओरडून करणार आहे.

परवा बाळ आले. बाळ कसले, चांगला चालता-बोलता मुलगा झाला आहे. आईबरोबर होडीतून उतरला. खांद्यावर छोटी पिशवी, पिशवीत त्याच्या पाण्याच्या बाटल्या, सोमवारी परत जायचे आहे. धक्क्यावरून शेजारीण ओरडली, "आत्या, पाहुणे आले गं!"

"पाहुणे काय म्हणतेस?" आत्या एवढ्या जोरात कडाडली, की शेजारीण दचकली. "घरचं पोर आहे ते!"

घरचे पोर विहिरीपाशी आले. कठड्याजवळ मी पालथा होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, हात पुढे केला आणि थबकला. मग परक्या घरी वागावे तसे दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्याने विचारले, "आत्याआजी, मी ह्याला हात लावला तर चालेल?"

"लाव," आत्या म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.